आवर्तसारणीतील तिसऱ्या गणाचा अनिर्णित प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

आवर्तसारणीत नव्या मूलद्रव्यांची भर पडत असली, तरी जुन्या मूलद्रव्यांच्या जागा कायमच्या ठरलेल्या आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. निरनिराळ्या पाठ्यपुस्तकांतील सारण्या शेजारी ठेवून पाहिल्यास तिसऱ्या गणाबाबत हा समज टिकत नाही. स्कँडियम व यिट्रियम यांच्याखाली काही ग्रंथांत लँथॅनम व ॲक्टिनियम आढळतात, काहींत ल्युटेशियम व लॉरेन्सियम. तर काहींत ती दोन घरे पंधरा-पंधरा मूलद्रव्यांसाठी मोकळी ठेवलेली असतात. या मतभेदाचा ऐतिहासिक मागोवा घेणे आणि तो आजवर का मिटला नाही याची कारणमीमांसा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विरल मृदांची अडचण :

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल गुस्ताफ मोसांडर यांनी १८३९ मध्ये सेरियमच्या ऑक्साइडमधून लँथॅनम वेगळे केले आणि १८४३ मध्ये यिट्रियाचे विभाजन करून टर्बियम व एर्बियम यांच्या मृदा मिळविल्या. पुढे या मूलद्रव्यांचे सेरियम वर्ग व यिट्रियम वर्ग असे दोन गट रूढ झाले. १८६९ मध्ये मेंदेलेयेव यांनी आपली सारणी मांडली, तेव्हा यांपैकी मोजकीच मूलद्रव्ये ज्ञात होती व त्यांचे अणुभारही निश्चित नव्हते. परस्परांशी अत्यंत साम्य असणाऱ्या या मूलद्रव्यांना स्वतंत्र गणांत बसविणे कठीण होते. म्हणून ती सर्व एकाच घरात सामावून घ्यावीत, असा पर्याय बोहुस्लाव ब्राउनर यांनी १९०२ मध्ये सुचविला.

ल्युटेशियमचा शोध १९०७ मध्ये लागला. फ्रान्समध्ये जॉर्ज उर्बाँ, ऑस्ट्रियात आउअर फॉन वेल्सबाख आणि अमेरिकेत चार्ल्स जेम्स यांनी ते स्वतंत्रपणे यिटर्बियमच्या मृदेतून वेगळे केले. ल्युटेशियम यिट्रियम वर्गातून हाती आले, तर लँथॅनम सेरियम वर्गातून, ही बाब लक्षणीय आहे. यिट्रियमशी ल्युटेशियमची जवळीक प्रयोगशाळेत आरंभापासूनच दिसत होती. मात्र लँथॅनम त्याच्या ६८ वर्षे आधीपासून ज्ञात होते.

अणुक्रमांक व इलेक्ट्रॉन संरूपण :

हेन्री मोस्ली यांच्या १९१३-१४ मधील क्ष-किरण वर्णपटांच्या अभ्यासामुळे मूलद्रव्यांचा क्रम अणुक्रमांकावर आधारला गेला. लँथॅनम (५७) ते ल्युटेशियम (७१) अशा पंधरा जागा निश्चित झाल्या. ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य विरल मृदा नसून झिर्कोनियमसारखे असेल, हे नील्स बोर यांच्या अणुसिद्धांताशी सुसंगत अनुमान होते. १९२३ मध्ये कोपनहेगन येथे कोस्टर व हेवेशी यांना झिर्कोनियमच्या खनिजांत हाफ्नियम सापडले. या यशामुळे मूलद्रव्याचे स्थान इलेक्ट्रॉन संरूपणावरून ठरते, हा विश्वास दृढ झाला.

त्याच निकषाने शेजारच्या ७१ व्या घराचा प्रश्न मात्र सुटला नाही. यिटर्बियमच्या ४एफ उपकवचात १३ इलेक्ट्रॉन असल्याचे प्रारंभी मानले जात होते. त्यामुळे चौदावा एफ-इलेक्ट्रॉन ल्युटेशियममध्ये येतो आणि ते एफ-खंडाचे शेवटचे मूलद्रव्य ठरते, असा निष्कर्ष निघाला. पुढील वर्णपटीय अभ्यासातून यिटर्बियममध्येच १४ इलेक्ट्रॉन पूर्ण होत असल्याचे दिसून आले. लांडाऊ व लिफ्शिट्झ यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात ल्युटेशियमला डी-खंडात स्थान दिले. १९८२ मध्ये विल्यम जेन्सन यांनी याच बाजूने सविस्तर युक्तिवाद केला. तरीही लँथॅनमच्या मूळ अवस्थेत ४एफ इलेक्ट्रॉन नसून ५डी मध्ये एक इलेक्ट्रॉन असतो, हा विरुद्ध पक्षाचा आधार कायम राहिला. त्यावर, थोरियमच्या मूळ अवस्थेतही एफ-इलेक्ट्रॉन नसताना त्याला एफ-खंडात ठेवले जाते, असे उत्तर देण्यात आले.

मोजमापांची दुहेरी साक्ष :

गुणधर्मांच्या तुलनेतूनही एकच उत्तर मिळत नाही. त्रिसंयुजी आयनांच्या त्रिज्या यिट्रियमसाठी सुमारे ९०, ल्युटेशियमसाठी ८६ व लँथॅनमसाठी १०३ पिकोमीटर आहेत. टायटॅनियम-झिर्कोनियम-हाफ्नियम या गणात खालच्या दोन मूलद्रव्यांचे आकार जवळजवळ सारखे आहेत. तो नमुना मानल्यास ल्युटेशियम योग्य ठरते. कॅल्शियम-स्ट्राँशियम-बेरियम या गणात मात्र आकार क्रमाने वाढत जातो. तो आदर्श मानल्यास लँथॅनमची बाजू बळकट होते. आकडे तेच असून कोणत्या शेजाऱ्याशी तुलना करावयाची, यावर निष्कर्ष अवलंबून राहतो.

२०१५ मध्ये जपानमधील तोकाई येथील प्रयोगात लॉरेन्सियमची पहिली आयनीभवन ऊर्जा सुमारे ४.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी आढळली. शेवटचा इलेक्ट्रॉन ६डी ऐवजी ७पी कक्षकात असल्याच्या सैद्धांतिक गणनेशी हे मूल्य सुसंगत होते. इतक्या सूक्ष्म मापनानंतरही वाद थांबला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्र संघाने, म्हणजेच आययूपॅकने, एरिक शेरी यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी कार्यगट नेमला. कार्यगटाचा तात्पुरता अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रश्नाचा निर्णय वस्तुनिष्ठ मार्गाने होऊ शकत नाही, असे मान्य करून अहवालाने तडजोड म्हणून ल्युटेशियम व लॉरेन्सियम यांच्या बाजूने कौल दिला. अणुक्रमांकांचा सलग क्रम, चौदा मूलद्रव्यांच्या रुंदीचा एफ-खंड आणि डी-खंडाची अखंडता हे त्यामागील निकष होते. तथापि आययूपॅकच्या मे २०२२ च्या सारणीत ५७-७१ व ८९-१०३ ही घरे पूर्वीप्रमाणेच एकत्र दाखविलेली आहेत.

समारोप :

रासायनिक विलगीकरण, अणुक्रमांक व इलेक्ट्रॉन संरूपण या तीन निकषांनी आपापल्या काळात महत्त्वाचे प्रश्न सोडविले. परंतु तिसऱ्या गणाचा निर्णय त्यांपैकी कोणत्याही एका निकषाने होऊ शकला नाही. मूलद्रव्यांचे गुणधर्म व अणुक्रमांक निसर्गाने दिलेले आहेत. त्यांची स्तंभांत मांडणी मात्र मानवी निर्णयाची अपेक्षा ठेवते. अध्यापनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. दोन पुस्तकांत दोन वेगळ्या सारण्या पाहून विद्यार्थ्याने यांपैकी कोणती चूक, असे विचारल्यास एकीवर काट मारणे सोपे असते. प्रत्येक सारणी कोणत्या निकषावर उभी आहे, हे त्याला दाखवून देणे अधिक शास्त्रीय ठरेल.