‘पूर्वीचा दावा’ म्हणजे कोणता?

एकाच तंट्यासाठीं माणसाला दोनदां कोर्टाची पायरी चढावयास लावूं नये, हा दंडक आपल्याकडे फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एक ‘प्राङ्न्याय’. म्हणजे ‘या गोष्टीचा निकाल मागेंच माझ्या बाजूनें झालेला आहे’ असें उत्तर. तत्त्व इतकें सरळ; पण तें कायद्याच्या शब्दांत नीट बसवितांना शंभरांहून अधिक वर्षें गेलीं.

१८५९ च्या दिवाणी कायद्यानें कसोटी ठरविली ती ‘दाव्याच्या कारणा’ची. आतां असें समजा, श्रोतेहो, कीं एका जमीनमालकानें यंदांच्या खंडासाठीं दावा लावला, आणि ‘मी याचें कूळच नव्हे’ असें म्हणणारा प्रतिवादी जिंकला. पुढल्या सालीं मालक पुढल्या सालच्या खंडासाठीं पुन्हां हजर! साल बदललें, सबब दाव्याचें कारण बदललें, असें त्याच्या वकिलानें म्हटलें तर कायद्याचे शब्द त्यालाच सोयीचे. जिंकलेल्या गरिबानें मग दर वर्षीं साक्षीदार गोळा करावे कीं काय? म्हणून १८७७ च्या कायद्यानें ती कसोटी सोडून ‘प्रत्यक्ष व मुख्यत्वेंकरून वादांत असलेली बाब’ पाहावयास सांगितलें, आणि कलमाखालीं स्पष्टीकरणें जोडलीं.

तरी ‘पूर्वीचा दावा’ या शब्दांतली खोंच राहिलीच. जन्मभर व्याकरण शिकविलेल्या मजसारख्याला तिची मौज वाटते. पूर्वीचा म्हणजे पूर्वीं दाखल झालेला, कीं पूर्वीं निकालांत निघालेला? दोन भाऊ एकमेकांवर दावे लावतात. मागाहून लावलेल्याचा निकाल आधीं लागतो. मग पूर्वीचा कोणता? १९०८ च्या संहितेंतील अकराव्या कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणानें उत्तर दिलें: ज्याचा निकाल आधीं तो पूर्वीचा, मग दाखल केव्हांही झालेला असो.

दुसरी अडचण अधिक दुखरी होती. पहिलें कोर्ट दुसरा दावा चालविण्यासही अधिकारी असावें, अशी अट १८८२ पासून होती. त्यामुळें लहान कोर्टांत हरलेला पैसेवाला मोठ्या रकमेचा दावा रचून वरच्या कोर्टांत तोच हक्काचा प्रश्न पुन्हां उकरूं शके. १९७६ च्या दुरुस्तीनें आठवें स्पष्टीकरण घालून ही वाट अडविली: ‘मर्यादित अधिकारा’च्या कोर्टानें आपल्या अधिकारांत दिलेला निर्णयही पुढें बंधनकारक.

झालें! आतां ‘मर्यादित’ म्हणजे काय, यावर उच्च न्यायालयांत मतभेद. कांहींच्या मतें तीं फक्त खास कामांसाठीं नेमलेलीं कोर्टें. स्पष्टीकरणालाच स्पष्टीकरण हवें झालें. तें १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिलें: रकमेची मर्यादा असलेलें साधें दिवाणी कोर्टही त्यांत येतें.