जातं, भोंगा आणि लेजर

स्मरणिका समितीने फर्मावलं, "काका, तुम्ही इतिहासावर लिहा." सोसायटीचा इतिहास सेक्रेटरी साहेबांनी लिहिलाच आहे, म्हणून मी जरा मागे जातो. निमित्त दिवाळीतलं. आमच्या जिन्यातला एक मुलगा पुण्याला कारखान्यांत रोबो बसवण्याचं काम करतो. सांगत होता, वेल्डिंग करणारा यंत्राचा हात रात्रंदिवस थकत नाही. मी विचारलं, "आणि आधी वेल्डिंग करणारी माणसं?" म्हणाला, "दुसरीकडे लावली, काका." सगळीच का, हे त्याला सांगता येईना.

आपल्या खान्देशाला हा प्रश्न नवा नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली. मग जिन-प्रेस आले, जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल निघाली. हाताने सूत कातणाऱ्या बायाबापड्यांचा आणि हातमागवाल्यांचा धंदा बसला. पण शेतात पाऊसपाण्यावर राबणाऱ्याला महिन्याचा पगार कळला तोही तेव्हाच. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, भोंगा होता.

भोंग्याच्याही आधी आईचं जातं सुरू व्हायचं. ओव्यांमध्ये तिचं माहेर असायचं, भाऊ असायचा, कधी सासूला चिमटा असायचा. पुढे गल्लीत विजेची चक्की आली. आई खूष झाली, हे प्रामाणिकपणे सांगतो. तिच्या तळहाताचे घट्टे गेले. पण वर्ष-दोन वर्षांत ओव्याही गेल्या. मी म्हणायचो, म्हण ना एखादी. ती म्हणायची, "जातं फिरल्याबिगर सुचत नाही रे." बँकेत लागलो, खिशाला पेन आलं, दिवसभर लोकांचे आकडे लिहायचो. आईची एक ओवी लिहिली नाही.

बहिणाबाई चौधरींच्या घरी तसं झालं नाही, हे आपलं नशीब. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही. घरोटावर, छापखान्यावरसुद्धा तिने गाणी रचली. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती उतरवून ठेवली. बाई १९५१ मध्ये गेल्या, आणि अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तक निघालं. पुण्याला गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्या संगणकात घालण्यात आल्या. यंत्राने घालवलेलं यंत्रातच जाऊन बसलं!

अमळनेरची गंमत तर आणखी. १९४५ मध्ये हाशम प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. गावोगावच्या तेलघाण्या अशा कारखान्यांपुढे टिकल्या नाहीत. तीच कंपनी, विप्रो, १९८० च्या सुमारास संगणकात शिरली. ज्या अमळनेरकरांनी जुने शेअर सांभाळले, ते पुढे मालामाल झाले. ज्यांची घाणी बंद पडली त्यांच्याकडे शेअर कुठले असणार?

आणि संगणक आमच्यापर्यंत आला. १९८३ मध्ये बँका आणि युनियन यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, तरी आम्ही काळ्या फिती लावल्याच. मग शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आलं. जून आणि डिसेंबरच्या क्लोजिंगला पाच पैशांच्या फरकासाठी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बेरजा मारायचो, ते संपलं. हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नव्या लेजरच्या पहिल्या पानावर लाल शाईने शीर्षक लिहायचा मान माझा होता, अक्षर चांगलं म्हणून. तो गेला. आमचे दप्तरी रिटायर झाले, त्यांची जागा कुणी भरली नाही. व्हाउचर शिवताना ते दोरा दातात धरून गाणं गुणगुणायचे. कुठलं गाणं, तेही मी विचारलं नाही.

तर विनंती अशी. आपल्या सोसायटीत ऐंशी ओलांडलेल्या चार-पाच आजी आहेत. रविवारी संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात त्यांना घेऊन यावं. रोबोवाला मुलगा या महिन्यात सुट्टीवर येतोय; रेकॉर्डिंग तो करून देणार आहे. जातं माझ्याकडे आहे, पण ते उचलून खाली आणायला दोन तरुण लागतील.