बाटलीवरच्या ०.९ चं कूळ

सलाईनच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘सोडियम क्लोराइड ०.९ टक्के’ असं छापलेलं असतं. लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, एवढाच त्याचा अर्थ. पण ०.८ का नाही, सरळ १ का नाही? या आकड्याचा माग काढत मागे जावं तर आपण कुठल्या इस्पितळात पोचत नाही. पोचतो ते हॉलंडमधल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या टेबलापाशी, आणि त्याच्या भिंगाखाली असतो पानाचा पापुद्रा.

प्रचलित कुळकथा वेगळी आहे. ती कॉलऱ्यापासून सुरू होते. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरकडे उसळलेल्या या रोगाच्या साथी पसरत पसरत १८३१ मध्ये इंग्लंडातल्या संडरलंडला पोचल्या. विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरचं वय तेव्हा बावीस. त्यानं रुग्णांचं रक्त तपासलं, तर त्यातलं पाणी आणि क्षार बरेचसे निघून गेलेले. जे गेलं ते शिरेतून परत भरा, असं त्यानं सुचवलं. १८३२ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लॅटानं ते करून दाखवलं. पहिली रुग्ण एक म्हातारी बाई, जवळजवळ गेलेलीच. सहा पाइंट, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर पाणी शिरेत गेलं आणि ती बोलू लागली. नंतर जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी मात्र पुन्हा दिलं गेलं नाही, आणि साडेपाच तासांत तिनं प्राण सोडला. ओशॉनेसी पुढच्याच वर्षी कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. कॉलरा ज्या मुलखातून निघाला तिथेच येऊन त्यानं नाव कमावलं, पण ते हिंदुस्थानात तारायंत्र उभारणारा म्हणून.

ही कथा खरी आहे आणि थोरही आहे. पण आपल्या बाटलीचा मूळपुरुष म्हणून लॅटाला बसवणं मला पटत नाही. त्याच्या पाण्यात मिठाबरोबर सोडाही होता. आजच्या हिशेबानं त्याच्या सुधारित द्रावणात लिटरमागे सोडियम १३४ मिलिमोल आणि क्लोराइड ११८ मिलिमोल भरतं. ०.९ टक्के सलाईनमध्ये दोन्ही १५४. आपल्या रक्तात सोडियम १४० च्या आसपास, क्लोराइड १०० च्या आसपास. म्हणजे लॅटाचं पाणीच रक्ताला जास्त जवळचं होतं. सुधारणा होत होत कोणी रक्तापासून लांब जात नाही. त्यामुळे हे कूळच वेगळं, असं मी मानतो.

ते दुसरं कूळ ॲमस्टरडॅमचं. ह्यूगो द व्ह्रीस हे नाव आनुवंशिकतेच्या धड्यात भेटतं. मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी तो एक. त्याआधी, १८८० च्या दशकात, त्याला ध्यास होता तो वेगळाच: पानाच्या पेशी पाणी धरून ताठ कशा राहतात? पापुद्रा तो निरनिराळ्या तीव्रतेच्या द्रावणांत बुडवी. द्रावण तीव्र असलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाई आणि आतला जीवद्रव्याचा गोळा भिंतीपासून सुटे. ज्या तीव्रतेला तो जेमतेम सुटू लागतो, ती पेशीतल्या रसाच्या बरोबरीची. या कामासाठी त्यानं निवडलेल्या झाडांत हळदीच्या गोतातलं एक झाड होतं, हे वाचून मला फार आनंद झाला.

युट्रेख्टमधल्या हार्टोख हाम्बुर्गर या तरुण शरीरशास्त्रज्ञानं ही पद्धत उचलली आणि पानाच्या जागी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. मिठाचं पाणी फार सौम्य झालं की या पेशी पाणी ओढून फुगतात, फुटतात आणि वरचं नितळ पाणी लालसर होतं. मग त्यानं खुद्द रक्तद्रवात पाणी मिसळत नेलं आणि किती मिसळल्यावर पेशी फुटू लागतात ते पाहिलं. दोन्हींचा मेळ घातल्यावर उत्तर आलं: माणसासकट बहुतेक उष्ण रक्ताच्या प्राण्यांचा रक्तद्रव ०.९ टक्के मिठाच्या पाण्याच्या तोडीचा असतो. तोवर ०.६ टक्के हेच प्रमाण मानलं जाई, पण ते बेडकाला जुळणारं.

माझा मुद्दा इथेच आहे. पेशी फुटू नये म्हणून बाहेर विरघळलेले कण किती हवेत, एवढंच या प्रयोगानं सांगितलं. कोणते कण हवेत, हा त्याचा प्रश्नच नव्हता. योग्य तीव्रतेच्या साखरेच्या पाण्यातही त्या पेशी शाबूत राहिल्या असत्या. परीक्षानळीतलं हे माप पुढे पेशंटच्या शिरेत लिटरच्या हिशेबानं ओतलं गेलं.

ते कसं? गुण येतो हे पाहून डॉक्टरांनी ते स्वीकारलं, असं कोणी म्हणेल. पण त्या काळी सलाईननंतर कित्येकांना हुडहुडी भरून ताप येई. ऊर्ध्वपातित पाण्यात उरलेले जिवाणूंचे अंश त्याला कारण होते, हे १९२० च्या दशकात फ्लॉरेन्स सायबर्टनं दाखवून दिलं. अशा गोंधळात कोणाच्या अनुभवावर भरवसा ठेवायचा? माझा ठाम कयास असा, की खरं कारण उष्णता. विरघळलेला सोडा तापवला की त्याचं रूप बदलतं, जोडीला कॅल्शियम असेल तर साका बसतो. नुसतं मीठ कितीही उकळा, तसंच राहतं. निर्जंतुकीकरणाच्या जमान्यात ते टिकलं, आणि पाठीशी ०.९ हा शास्त्रीय आकडा होताच.

याचा परिणाम आजही अंगात दिसतो. हे मीठ पेशींच्या आत फारसं शिरत नाही, बाहेरच राहतं, आणि त्याच्यासोबत पाणीही. त्यातलं बरंचसं थोड्या वेळात रक्तवाहिन्यांतून झिरपून ऊतींमध्ये जातं, म्हणून अति झालं की सूज येते. जास्तीच्या क्लोराइडनं रक्त आम्लतेकडे झुकतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात अतिदक्षता विभागातल्या १५ हजारांहून अधिक रुग्णांवर तुलना झाली. मृत्यू आणि मूत्रपिंडाचे गंभीर बिघाड एकत्र धरले तर रिंगर लॅक्टेटसारखी संतुलित द्रावणं सलाईनपेक्षा थोडी सरस ठरली. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तेवढा फरक दिसला नाही, त्यामुळे वाद चालू आहे. सततच्या उलट्यांनी पोटातलं आम्ल, म्हणजेच क्लोराइड, गेलेलं असेल तिथे सलाईनच योग्य.

रिंगर लॅक्टेटचं कूळ पुन्हा निराळं: लंडनच्या सिडनी रिंगरला नळाच्या पाण्यात बेडकाचं हृदय चांगलं चालताना दिसलं आणि त्यातून कॅल्शियमचं महत्त्व कळलं; १९३२ मध्ये अमेरिकेत ॲलेक्सिस हार्टमननं रिंगरच्या द्रावणात लॅक्टेटची भर घातली.

आता एक विनंती. ‘अशक्तपणा आलाय, एखादं सलाईन लावा’ असं डॉक्टरांना सांगण्याआधी हिशेब पाहा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ पोटात जावं. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत साखर २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. जुलाब होत असतील आणि तोंडानं पाणी जात असेल तर ओआरएस द्या. ते जात नसेल, किंवा माणूस मलूल झाला असेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि कोणती बाटली लावायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.