लघवीची जळजळ, पिंपरीचा कारखाना आणि हिंजवडीची बस

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय. बोलताना जे पाल्हाळ झालं ते थोडं आवरलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय ऐकून काही जण आवाज कमी करतील. विषय आहे लघवीचा संसर्ग. ऑफिसात आपण त्याला 'यूटीआय' म्हणतो, म्हणजे इंग्रजीच्या आड लपून बोलतो. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. 'उन्हाळी लागली' असा सरळ शब्द त्यांच्याकडे आहे. लघवी करताना आग होणं, थेंब थेंब होणं, जाऊन आलं की पाच मिनिटांत पुन्हा जावंसं वाटणं. चैत्रात हिंजवडी-वाकडला म्हातोबाचं बगाड निघतं, ऊन तापायला लागतं, आणि तेव्हापासून ही तक्रार वाढते. नावातच ऋतू आहे.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे काय? तर यातला इतिहास फार जवळचा आहे. या आजारावरची औषधं कशी आली, ती आपल्या शेजारी पिंपरीपर्यंत कशी पोचली, आणि तरीही माणसं दवाखान्यात उशिरा का जातात, हे आज बघू.

जुनी ओळख

हा आजार नवा नाही. चरकसंहितेत शरीरातली तीन मुख्य मर्मं सांगितली आहेत: हृदय, मस्तक आणि बस्ती, म्हणजे मूत्राशय. लघवी त्रासाने होण्याला 'मूत्रकृच्छ्र' हे नाव आहे आणि सुश्रुतसंहितेत त्याचे प्रकार वेगवेगळे मोजले आहेत. 'योगरत्नाकर' या ग्रंथात तर लघवीच्या भांड्यात तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो त्यावरून अंदाज बांधायची रीत आहे. युरोपातले वैद्यही काचेच्या भांड्यात लघवी धरून तिचा रंग बघायचे. लघवी बघून आजार ओळखावा ही कल्पना सगळीकडे होती. नसलेली गोष्ट एकच: आत जंतू आहेत हे कुणालाच दिसत नव्हतं.

ते दिसायला १९ वं शतक संपत आलं. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिक या डॉक्टरने लहान मुलांच्या विष्ठेत एक जंतू शोधला. पुढे त्याचंच नाव त्या जंतूला मिळालं, एशेरिकिया कोलाय, म्हणजे आपला 'ई. कोलाय'. हा आतड्यात निमूट राहतो, पण मूत्रमार्गात शिरला की त्रास देतो. लघवीच्या बहुतेक साध्या संसर्गांमागे हाच असतो.

बायकांना हा त्रास जास्त का, याचं उत्तरही शरीराच्या रचनेत आहे. बाईचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटीमीटर, पुरुषाचा सुमारे २०. जंतूला मूत्राशयापर्यंत पोचायला बाईच्या शरीरात फारच थोडं अंतर कापावं लागतं. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. तेव्हा 'मलाच कसं झालं, माझं काय चुकलं' असं मनात आणू नका. अस्वच्छपणाचा शिक्का मारायचं तर काहीच कारण नाही.

सांगायचं कुणाला?

आता आपल्याकडे येऊ. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी आनंदीबाई जोशींनी बंगालमधल्या सेरामपूरला भर सभेत भाषण केलं. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, हा त्यांचा मुद्दा होता. बायका आपली दुखणी पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, म्हणून ती दुखणी वाढतात. चौदाव्या वर्षी झालेलं आपलं मूल त्यांनी दहा दिवसांत गमावलं होतं, त्यामुळे हे बोलणं पुस्तकी नव्हतं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं, आणि तिथे स्त्री-डॉक्टर होत्या. १८८७ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. वय फक्त २१.

लघवीची जळजळ हे असंच न सांगायचं दुखणं. धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं, सब्जा घ्यायचा, गोखरूचा काढा करायचा आणि गप्प बसायचं. या उपायांना मी नावं ठेवत नाही. पाणी पोटात जातं, आग थोडी कमी होते. पण त्यांच्या भरवशावर थांबून राहिलं तर जंतूंना वेळ मिळतो. ते मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतात. मूत्रपिंडातून संसर्ग रक्तात उतरला की जिवावर बेततं.

औषध आलं, पिंपरीपर्यंत आलं

पहिलं कामाचं औषध १८९० च्या दशकात आलं: हेक्झामिन. आम्लयुक्त लघवीत त्यातून फॉर्मॅल्डिहाइड सुटतं आणि जंतू मरतात. गंमत म्हणजे वारंवार होणारा संसर्ग टाळण्यासाठी काही ठिकाणी हे औषध आजही देतात. मग १९३५ मध्ये जर्मनीतून सल्फा औषधं आली, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन.

आणि इथे गोष्ट आपल्या गल्लीत येते. हिंजवडीपासून दहा-बारा किलोमीटरवर, पिंपरीत, 'एचए'. आपण 'एचए कंपनी', 'एचए कॉलनी' म्हणत त्यावरून रोज जातो. ही हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. १९५४ मध्ये सरकारने ती काढली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत घेतली, आणि १९५५ मध्ये इथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. स्वतंत्र होऊन जेमतेम आठ वर्षं झालेला देश, आणि पिंपरीच्या माळावर प्रतिजैविक बनतंय! ज्या औषधासाठी बोटीची वाट बघायची, ते आता पुण्याच्या वेशीवर.

पण लघवीच्या संसर्गाचं कोडं एकट्या पेनिसिलिनने सुटणारं नव्हतं. ई. कोलायवर साध्या पेनिसिलिनचा फारसा जोर चालत नाही. त्यासाठी दुसरी औषधं लागली. १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटॉइन आलं, १९६१ मध्ये अँपिसिलिन, आणि १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक ॲसिड. हे शेवटचं तर क्लोरोक्विन, म्हणजे मलेरियाचं औषध, बनवताना निघालेल्या जोडपदार्थातून हाती लागलं. पुढे त्याच घराण्यात नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन जन्माला आली. ही नावं तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात नक्की सापडतील.

याच काळात तपासणीही शहाणी झाली. १९५६ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड कॅस यांनी लघवीतले जंतू मोजायचा एक हिशेब दिला: एका मिलिलिटरमध्ये १ लाख किंवा त्याहून जास्त असतील तर संसर्ग समजावा. (त्रास होत असेल तर त्याहून कमी जंतूही पुरतात, हे नंतर कळलं.) कॅस यांच्या कामातून अजून एक गोष्ट पुढे आली. गरोदर बाईला काहीही त्रास नसताना लघवीत जंतू असू शकतात, आणि उपचार केले नाहीत तर मूत्रपिंडाला संसर्ग व्हायची भीती असते. गरोदरपणात नाव नोंदवायला गेलं की लघवी तपासायला सांगतात, त्यामागे हा इतिहास आहे. 'काही होत नाहीये, मग कशाला' असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

जायचं कुठे?

डॉक्टर मिळाले, औषध मिळालं. राहिली जागा. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगारांसाठी संडास-मुतारी हवी, बायका-पुरुषांची वेगळी हवी, असं लिहून ठेवलं. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर काय? २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली. मागणी अगदी साधी: पुरुषांना मुतारी फुकट, मग बायकांकडून पैसे का घेता? आणि पुण्यातून 'मिळून साऱ्याजणी', विद्या बाळ यांनी सुरू केलेलं मासिक, हा प्रश्न घेऊन थेट मुंबई उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने म्हटलं की बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि महापालिकांना त्यासाठी कामाला लावलं.

आता हिंजवडीत या. आयटी पार्क येण्याआधी इथे शेती होती. आज काचेच्या इमारती आहेत आणि आत स्वच्छतागृहंही चकाचक आहेत. पण दिवस इमारतीत सुरू होत नाही, बसमध्ये सुरू होतो. भूमकर चौक, वाकडचा पूल, मग शिवाजी चौक. पावसात हे अंतर किती वेळ खाईल याचा नेम नाही. म्हणून कितीतरी मुली घरून निघताना पाणीच पीत नाहीत. दिवसभर उन्हात उभा असलेला सिक्युरिटीवाला, पार्सल पोचवणारा मुलगा, तिसऱ्या फेजच्या बांधकामावरची बाई, यांना तर चकाचक स्वच्छतागृहात प्रवेशही नसतो. तेही पाणी कमी पितात.

हा तोडगा उलटा पडतो. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका निवडल्या. निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांच्यात संसर्गाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. फक्त पाण्याने! तेव्हा कंपनीच्या बसने मध्ये एक थांबा घ्यावा, बाहेर काम करणाऱ्यांना इमारतीचं स्वच्छतागृह वापरू द्यावं, हे मागायला लाजू नका. हा आरोग्याचा प्रश्न आहे.

आता नवीन संकट

इथवर गोष्ट विजयाची वाटते. पण जंतूंनीही इतिहास घडवलाय. २००८ मध्ये स्वीडनमध्ये मूळ भारतीय असलेल्या एका रुग्णाच्या लघवीत असा जंतू सापडला, ज्याच्यावर जवळपास कुठलंच प्रतिजैविक चालत नव्हतं. तो रुग्ण आधी दिल्लीत हॉस्पिटलमध्ये राहून आला होता. त्या जंतूतल्या एन्झाइमला नवी दिल्लीचं नाव दिलं गेलं, 'एनडीएम', आणि मोठा गदारोळ झाला. नावावरून भांडण झालं ते झालं, पण आजार कुठला होता बघा: लघवीचा संसर्ग.

आपल्याकडच्या ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं आता बऱ्याचदा चालत नाहीत. कारण ती आपण सर्दीला, जुलाबाला, तापाला, कशालाही खाल्ली. मेडिकलवाल्याला सांगायचं, 'ती मागच्या वेळची गोळी द्या', दोन दिवस घ्यायची, बरं वाटलं की सोडायची. म्हणून १ मार्च २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकं 'एच-१' यादीत गेली. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, विक्रीची नोंद ठेवायची. पाकिटावरची उभी लाल रेघ बघितलीय ना? ती रेघ म्हणजे 'डॉक्टरला विचारल्याशिवाय नको'.

मग करायचं काय?

एक. लघवीला जळजळ, सारखी सारखी घाई, ओटीपोटात दुखणं, लघवी गढूळ किंवा लालसर, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा. शनिवारची वाट बघू नका.

दोन. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कण्याच्या बाजूला दुखणं, उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. मग रात्र असो की रिलीज असो, लगेच हॉस्पिटल गाठा. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेह किंवा मुतखडा असलेली व्यक्ती आणि कुठलाही पुरुष, यांनी साध्या जळजळीलाही घरगुती उपायांवर वेळ घालवू नये. आजी-आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले, सोबत ताप किंवा लघवीची तक्रार असली, तर त्यांनाही लगेच दाखवा.

तीन. डॉक्टरांनी लघवीचं कल्चर सांगितलं तर नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्या. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार बाटलीत घ्या. रिपोर्टला साधारण दोन दिवस लागतात. कुठलं औषध चालेल आणि कुठलं नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. तो रिपोर्ट मोबाईलमध्ये जपून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतो.

चार. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोड-आंबट सिरपने जळजळ कमी होते, जंतू जात नाहीत. साध्या संसर्गाला बहुधा ३ ते ७ दिवसांचा कोर्स असतो. जितक्या दिवसांचा दिलाय तितके दिवस घ्या. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर परत जा, मनाने औषध बदलू नका.

बस, इतकंच. लवकर गेलात तर थोड्या दिवसांच्या गोळ्यांवर भागतं. उशीर केलात तर सलाईन, ॲडमिट, आणि बिलाचा आकडा तुम्हीच विचारा.

हा भाग तुमच्या बसच्या ग्रुपवर टाका. बहिणीला पाठवा, आईला पाठवा, आणि रूममेट मुलगा असला तरी त्यालाही पाठवा. ऐकून कुणी हसलं तर हसू द्या. आनंदीबाई भर सभेत उभं राहून बोलल्या, आपण निदान डॉक्टरच्या खोलीत तरी बोलू.

पुढच्या भागात एचएची अजून एक गोष्ट सांगणार आहे, पिंपरीत सापडलेल्या एका बुरशीनाशक औषधाची. तोवर पाणी प्या, आणि लागली की जा. भेटू!