छापील सरगममागचे उस्ताद

संगीताच्या इतिहासात आपल्या उस्तादांविषयी एक वाक्य वारंवार वाचायला मिळते : उस्तादांनी विद्या लपवून ठेवली आणि पंडितांनी ती छापून वाचवली. आम्हीही बरीच वर्षे ते खरे मानीत होतो. पेण तालुक्यातल्या जिते या आमच्या गावाहून पनवेलची गाडी धरायची, मुंबई-पुण्यातली जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालायची आणि स्वरलिपीची जी पुस्तके मिळतील ती घेऊन परतायचे, असा नाद आम्हाला लागला. त्या पिवळ्या पानांनीच या वाक्याविषयी शंका निर्माण केली.

सुरुवात बडोद्यापासून करावी लागेल. मौलाबक्ष (1833-1896) हे सयाजीराव गायकवाडांच्या दरबारातले गायक आणि बीनकार. उत्तरेकडचे आणि कर्नाटकी असे दोन्ही संगीत त्यांनी आत्मसात केले होते. 1886 साली बडोद्यात त्यांनी गायनशाळा सुरू केली. घरी शागीर्द ठेवून शिकवायचे सोडून वर्गात, फळ्यावर, ठरलेल्या वेळात गाणे शिकवायचे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. अशा शिक्षणाला लेखन हवे, म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. त्यांचे 'संगीतानुभव' हे गुजराती पुस्तक 1888 सालचे. पलुसकरांचे लाहोरचे गांधर्व महाविद्यालय 1901 साली निघाले. पहिला मान कोणाचा, हा वाद आम्हाला घालायचा नाही. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी त्याआधीच स्वरलेखन छापले होते. मुद्दा एवढाच, की छापखान्याची वाट चोखाळणाऱ्यांत एक मुसलमान उस्ताद होता आणि हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. मौलाबक्ष यांचे नातू इनायत खाँ पुढे सूफी विचार घेऊन युरोप-अमेरिकेत गेले. त्यांनीही 'मिनकार-ए-मूसीकार' हे संगीतावरचे पुस्तक उर्दूत लिहिले.

दुसरे नाव किराना घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांचे. त्यांची मैफल महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, पण 1911 साली त्यांनी 'संगीत स्वरप्रकाश' हे पुस्तक काढले होते, याची आठवण फार थोड्यांना आहे. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालविले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचा अभ्यास करीत होते, तेव्हा त्यांना स्वर गाऊन दाखवणारा गळा खाँसाहेबांचाच. 1937 साली त्यांचे निधन झाले. मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसाला तिथे आजही गाणे होते.

आता भातखंडे. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती : क्रमिक पुस्तक मालिका' हे त्यांचे सहा भाग मूळ मराठीत आहेत. शेवटचे दोन भाग त्यांच्या मृत्यूनंतर, 1937 साली प्रसिद्ध झाले. सर्व भाग मिळून अठराशेच्या आसपास बंदिशी आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब, एवढ्या सोप्या खुणांवर हा सारा डोलारा उभा आहे. भातखंड्यांचे श्रम अफाट आहेत. ते वकील होते. पदरमोड करून गावोगाव हिंडले. त्यांच्याविषयी कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना आमच्या मनात नाही.

पण हे भांडार त्यांना दिले कोणी? जयपूरचे मुहम्मद अली खाँ आणि त्यांचे चिरंजीव आशक अली यांनी दिले. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ आणि बीनकार वजीर खाँ यांच्याकडून मिळाले. मुंबईत गायन उत्तेजक मंडळीत अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल मिळाले. म्हणजे विद्या दिली गेली होती. देताना हात आखडला असेल, तर त्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. उस्तादाकडे ना जमीन ना पेन्शन. गळ्यातली चीज हीच त्याची मिळकत. ती एकदा चार आण्यांच्या पुस्तकात गेली की मुलाबाळांनी खायचे काय? या भीतीला कंजूषपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

हा पेच आपल्याच देशात होता असेही नाही. उस्मानी तुर्कांचे दरबारी आणि मौलवी दर्ग्यांतले संगीतही पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच शिकवले जाई. इस्तंबूलच्या हाम्पार्त्सुम लिमोंजियान (1768-1839) या आर्मेनियन ख्रिस्ती संगीतकाराने स्वरलिपी तयार केली आणि तिच्यात मुसलमान दर्वेशांच्या रचना उतरवल्या गेल्या. पुढे 1876 पासून हाजी एमीन यांनी तुर्की गाण्यांची छापील पाने काढायला सुरुवात केली. 1917 साली निघालेल्या 'दारुल एल्हान' या संगीतशाळेने रऊफ येक्ता यांच्यासारख्या जाणकारांच्या देखरेखीखाली जुन्या रचना मालिकेने छापल्या. अडचण अशी, की युरोपीय स्वर डावीकडून उजवीकडे आणि अरबी लिपीतले शब्द उजवीकडून डावीकडे; म्हणून शब्दांचे तुकडे पाडून स्वरांखाली बसवावे लागत. 1926 साली त्या शाळेतून तुर्की संगीताचे शिक्षणच काढून टाकण्यात आले आणि 1928 साली लिपी बदलली. स्वर तेच राहिले, पण त्यांखालचे शब्द नातवंडांना वाचता येईनात.

आपले दुखणे याच्या उलट आहे. शब्द देवनागरीत आहेत, आपल्याला सहज वाचता येतात. पण ते आपले आहेत हेच ओळखू येत नाही. बंदिशीच्या पानावर राग, ताल, शब्द आणि स्वर असतात. ती कोणत्या उस्तादाकडून आली हे सहसा नसते. नाव टिकले ते रचनाकाराने बंदिशीतच गुंफले म्हणून. सदारंग म्हणजे नियामत खाँ, अदारंग म्हणजे फिरोज खाँ. बंदिशीत 'मोंमदसा' असा शब्द येतो, तो वाचताना आम्ही कितीदा तरी अडखळलो. तो दिल्लीचा बादशहा मुहम्मदशाह, सदारंगांचा आश्रयदाता. गायकांच्या तोंडी त्याच्या नावाने हे रूप घेतले आणि छापखान्याने ते तसेच ठेवले. आमच्या प्रतीत आम्ही समासात पेन्सिलीने पूर्ण नाव लिहून ठेवले आहे.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. गाणे हराम की हलाल, या वादात आपण इतके गुंतलो की आपल्याच बुजुर्गांचा हिशेब ठेवायचा राहून गेला. ज्यांना गाता येत नाही त्यांनाही वाचता येते. मराठी आपली भाषा आहे आणि हा ठेवा मराठीतच छापलेला आहे. जुन्या प्रती रद्दीत जाण्याआधी घरी आणाव्यात, त्यांतली नावे ओळखावीत, मुलांना सांगावीत. 'उस्तादांनी विद्या लपवली' असे कुणी म्हणाले, तर भांडू नये. क्रमिक पुस्तक उघडून समोर ठेवावे.