प्रश्न विचारण्याआधी प्रयत्न किती?

संगणकाची आज्ञावली लिहिताना अडलेला विद्यार्थी इंटरनेटवर मदत मागतो, तेव्हा उत्तराऐवजी अनेकदा प्रतिप्रश्न येतो : आपण स्वतः काय करून पाहिले? एरिक रेमंड आणि रिक मोएन यांच्या २००१ मधील मार्गदर्शिकेने हा आग्रह नियमाच्या रूपात मांडला. प्रश्नकर्त्याने आधी माहितीपुस्तिका वाचावी, शोध घ्यावा, प्रयोग करावा आणि तसे प्रश्नात नमूद करावे, असे तिचे सांगणे होते. जेफ अ‍ॅटवूड व जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या संकेतस्थळावरही, शोध घेतल्याचे दिसत नसल्यास प्रश्नाला नकारात्मक मत देण्याची पद्धत रुजली.

आग्रह कशासाठी?

उत्तरे देणारे बहुतेक जण विनामोबदला वेळ देतात. त्यांच्याकडून गृहपाठ करून घेतला जाऊ नये, हे एक कारण. दुसरे कारण निदानाचे आहे. 'माझी सरासरी चुकते' एवढ्यावरून काहीच कळत नाही. मात्र 'सी' भाषेत ७ ला २ ने भागले, ३.५ अपेक्षित असताना ३ आले, असे ओळीसह लिहिले की दोष लगेच सापडतो : दोन्ही संख्या पूर्णांक असल्याने अपूर्णांक गळून पडला. असे नेमकेपणाने मांडताना पुष्कळदा प्रश्नकर्त्यालाच चूक उमगते.

नवशिक्याची अडचण

परंतु 'पूर्णांक भागाकार' ही संज्ञाच ज्याला ठाऊक नाही, त्याने शोधायचे काय? त्याचे तासन्‌तासांचे प्रयत्न प्रश्नात दिसत नाहीत आणि तो आळशी ठरतो. आपले वातावरण नवागतांना रुक्ष वाटते, अशी कबुली 'स्टॅक ओव्हरफ्लो'ने एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आल्यावर प्रयत्नांची विचारणा न करता उत्तर देणारा पर्यायही मिळाला. त्याची उत्तरे मात्र पारखून घ्यावी लागतात आणि अपुऱ्या माहितीवर तोही अंदाजच बांधतो.

किमान अपेक्षा

त्यामुळे केलेल्या कष्टांचा पुरावा मागण्यापेक्षा तीन गोष्टी मागणे रास्त ठरते : दोष दाखवणारा आज्ञावलीचा छोटा नमुना, त्रुटीसंदेश जसाच्या तसा, आणि अपेक्षित व प्रत्यक्ष परिणामांतील फरक. एवढे नवशिक्यालाही देता येते आणि जाणकाराला एवढे पुरते.