हॅम रेडिओवाल्यांनी स्वतःचा प्रोटोकॉल का घडवला?

अरबी लिपीत 28 अक्षरं आहेत. त्यांत 'प' नाही, 'च' नाही, 'ग' नाही. इराणी लोकांनी ही लिपी घेतली तेव्हा त्यांनी आहे त्याच अक्षरांना नुक्ते आणि रेघा जोडून पे, चे, झे, गाफ ही चार अक्षरं तयार केली. हिंदुस्तानात आल्यावर उर्दूला टे, डाल, ड़े यांचीही गरज पडली. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने हे मला वर्गात दरवर्षी सांगावं लागतं. रेडिओच्या इतिहासातही असंच घडलं आहे.

हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. परीक्षा देऊन त्यांना सरकारी परवाना मिळतो आणि प्रत्येकाला स्वतःचा कॉलसाइन. आपल्याकडे तो बहुधा 'व्हीयू'ने सुरू होतो. 1978 साली कॅनडातल्या माँट्रियलच्या हॅम मंडळींनी आवाजाऐवजी मजकुराचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, रेडिओवरून पाठवले. तुकडा किती मोठा, त्यावर पत्ता कसा, पोचल्याची पावती कशी, याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल.

तयार नियम नव्हते असं नाही. टेलिफोन कंपन्यांसाठी 1976 साली एक्स.25 हा प्रोटोकॉल मंजूर झाला होता. पण तो तारेसाठी होता. तारेला दोनच टोकं, त्यामुळे कोण बोलतंय हे वेगळं सांगावं लागत नाही. हवेत एकाच फ्रिक्वेन्सीवर दहा जण असतात. आधी ऐकायचं, जागा मोकळी दिसली की मगच बोलायचं. समजा, एक जण मिरजेत आणि दुसरा दंडोबाच्या डोंगरापलीकडे आहे. दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही, डोंगरमाथ्यावरच्या तिसऱ्याला मात्र दोघांचंही येतं. मग निरोप त्या तिसऱ्यानं पुढे द्यायचा. तारेच्या नियमांत याला जागा नव्हती.

म्हणून हॅम मंडळींनी एक्स.25 ची चौकट ठेवली आणि पत्त्याची जागा बदलली. कंपनीनं दिलेल्या नंबराऐवजी पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा कॉलसाइन आला. वाटेत निरोप पुढे देणाऱ्या आठ जणांपर्यंतचे कॉलसाइनही त्यात मावले. 1984 साली एएक्स.25 ची दुसरी आवृत्ती मान्य झाली. पुढचा 'ए' अमॅच्युअरचा.

इंटरनेटचेच नियम का घेतले नाहीत, असं कुणी विचारेल. वेग होता सेकंदाला 1200 बिट, म्हणजे जेमतेम दीडशे अक्षरं. इंटरनेटच्या पॅकेटवर बहुधा 40 अक्षरांइतका पत्ता आणि हिशेब असतो. दोन शब्दांच्या निरोपासाठी एवढा भार परवडत नव्हता. तरी दार बंद केलं नाही. पुढे एएक्स.25 च्या आत इंटरनेटची पॅकेटंही धावली, आणि 44 ने सुरू होणारे इंटरनेट पत्ते हॅमसाठी राखून ठेवले गेले.

हे सगळं दूरदेशीचं नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' उपग्रह बनवला. 22 जून 2016 रोजी इस्रोनं तो अवकाशात सोडला. पॅकेट रेडिओनं हॅम मंडळींचे निरोप एकीकडून घेऊन दुसरीकडे पोचवणं, हे त्याचं काम होतं.

मला यातली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. हॅम रेडिओच्या कायद्यात अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा चालत नाही, पैसे कमावता येत नाहीत आणि आपली ओळख द्यावीच लागते. एएक्स.25 नं ही शेवटची अट थेट पॅकेटमध्येच बसवली: निरोप कुणाचा आणि कुणाच्या हातून आला, हे त्याच्यावरच लिहिलेलं. खोटा कॉलसाइन कुणी घालू शकतो, पण तो गुन्हा ठरतो. आपल्या मोबाइलवर 'फॉरवर्डेड' एवढंच दिसतं, मूळ लिहिणारा दिसत नाही. मिरजेसारख्या गावात निनावी अफवेची किंमत काय असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या लोकांनी कसं वागावं हे ठरवूनच ज्यांनी यंत्राचे नियम लिहिले, त्यांच्याकडून एवढं तरी घेण्यासारखं आहे.